गिलाव्याआधी

कोपऱ्यातल्या खांबाची शेवटची प्लेट निघते आणि मुरमावर आपटते. सेंट्रिंगवाला पोरगा पहार खांद्यावर टाकून पुढच्या खांबाकडे वळतोसुद्धा. जोत्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग आता उघडा पडला आहे, आणि तिथे काँक्रीट असं नाहीच. नुसती खडी आहे. खडे एकमेकांना जेमतेम चिकटलेले, मधल्या पोकळ्यांत बोट सहज जाईल, आणि उजव्या कडेला सोळा मिलिमीटरची सळई वीतभर उघडी.

मिस्त्री ते बघतो. मागे न वळता तो हात लांब करतो आणि एक बाई त्याच्यापुढे घमेलं धरते. घमेल्यात सिमेंट आणि बारीक वाळूचा घट्ट माल कालवलेला आहे. मी सकाळी आले तेव्हा पत्र्याच्या शेडच्या सावलीत गोणपाटाखाली तो झाकून ठेवलेला होता. म्हणजे प्लेटा निघण्याआधीच कुणाला तरी ठाऊक होतं, की याची गरज पडणार.

"थांबा," वहिनी म्हणते. "थापी लावू नका."

मिस्त्रीचा हात हवेतच राहतो. घमेलं धरलेली बाई एकदा त्याच्याकडे, एकदा वहिनीकडे बघते. ती सांगलीकडची आहे, मिस्त्री विजापूरचा, सेंट्रिंगची पोरं बिहारची. घर मात्र पाटणचं, कोयना आणि केरा नद्यांचा संगम होतो त्या गावातलं. माझ्या धाकट्या भावाचं. तो फौजेत आहे, सध्या सीमेवर. फंडातून काढलेले पैसे, बँकेचं कर्ज आणि वहिनीची मोडलेली पाटली, एवढ्यावर हे बारा खांब उभे राहिले आहेत. भाऊ बांधकाम बघतो ते फोनवर, तेही रेंज मिळाली तर. रोज उन्हात उभी असते ती वहिनी.

"वैनी, पाच मिनटाचं काम हाय," मिस्त्री सांगतो. "भरून घेतो. वाळायच्या आत भरल्यालं चांगलं."

"मला आधी फोटो काढू द्या. मग बघू."

ती मोजपट्टी खांबाला टेकवून धरते आणि मला मोबाइल धरायला सांगते. खालून किती उंचीपर्यंत, किती रुंद, सळई कुठे दिसते. एक फोटो लांबून, म्हणजे हा कुठला खांब ते कळावं. मग शाळेच्या वहीइतक्या जाड रजिस्टरात तारीख, खांबाचा क्रमांक, मोजमाप. हे सगळं ती घाई न करता करते, आणि तिच्या त्या सावकाशीनं सगळी साइट थांबते. मिक्सरशेजारचे बिगारी उकिडवे बसतात. कुणीतरी तंबाखू मळायला घेतो.

ठेकेदार मोटरसायकलवरून येतो. त्याला कुणी फोन केला ते समजत नाही, पण काम थांबल्याची बातमी साइटवरून फार लवकर जाते. तो आधी आबांना नमस्कार करतो. आबा, म्हणजे माझे वडील, खुर्ची टाकून आंब्याच्या सावलीत बसले आहेत. मग तो खांबापाशी जातो, वाकतो, अंगठ्यानं एक खडा उकरून बघतो. खडा निघून हातात येतो. तो त्यानं पटकन टाकून दिलेला मी बघते.

"ह्याला हनीकोंब म्हनत्यात वैनी. खांबाला कुठं ना कुठं निघतंयच. माल भरला की संपलं. वरनं गिलावा बसल्यावर कुनाला दिसतंय?"

"मला दिसतंय की आत्ता."

"साहेबास्नी फोन लावा. मी बोलतो त्यांच्याशी."

"साहेब ड्यूटीवर आहेत. करारावर सही माझी आहे. माझ्याशीच बोला."

ठेकेदार गप्प होतो. मग तो आबांकडे बघतो. वयस्कर माणूस मध्ये पडेल, बाईमाणसाला समजावेल, असं त्याला वाटत असावं. आबा काहीच बोलत नाहीत.

वहिनीच्या करारातलं एक कलम मला माहीत आहे, कारण मसुदा तिनं मला वाचून दाखवला होता. जोतं, खांब, स्लॅब, विटकाम, गिलावा, फरशी असे टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याचा हप्ता काम संपल्यावर द्यायचा नसून अभियंत्यानं तपासून सही केल्यावर द्यायचा आहे. कराडच्या अभियंत्यानं आग्रहानं घालायला लावलेली ही एक ओळ. आपल्याकडे बहुतेक घरं तोंडी बोलीवर उठतात. रेट स्क्वेअर फुटावर ठरतो, उचल आगाऊ दिली जाते, आणि एकदा पैसा पुढे गेला की मालकाच्या शब्दाला वजन राहत नाही. आज वहिनी शांत आवाजात बोलू शकते, त्यात तिच्या स्वभावाइतकाच त्या ओळीचाही वाटा आहे.

अभियंता यायला वेळ आहे. तेवढ्यात वहिनी एकेक खांब फिरून बघते आणि मी तिच्या मागे. नऊ खांब चांगले आहेत. कडा सरळ, अंग गुळगुळीत, हाताला थंड लागणारं. दोन खांबांवर तळहाताएवढे ओबडधोबड चट्टे आहेत, पण खोल नाहीत. ती खिळ्याचं टोक घालून बघते, ते लगेच अडतं. कोपऱ्यातल्या खांबात मात्र तोच खिळा डोक्यापर्यंत आत जातो.

"हा शेवटचा ओतला होता," ती मला सांगते. "दिवस मावळला होता. मी म्हणत होते उद्या करा, तर म्हणाले मिक्सर भाड्याचा आहे, आज रात्रीच परत पाठवायचा आहे."

मिस्त्री आमच्या मागे उभा आहे. ते ऐकून तो, ठेकेदार जरा लांब आहे हे बघून, खालच्या आवाजात बोलतो. "व्हायब्रेटरचं पेट्रोल संपलं हुतं वैनी. सळईनं ढोसून घेतलं. नीडल न्हवती लावली ह्याला."

तो कबूल करतोय हे मला फार मोलाचं वाटतं. या माणसाचा हात वाईट नाही. पलीकडचे नऊ खांब त्याचेच आहेत आणि ओळंबा लावून बघितलं तर त्यातला एकही सूतभर झुकलेला सापडणार नाही. चुकीचं काम वाईट माणूस करतो, ही आपली समजूत सोयीची आहे, पण इथे उभं राहिलं की ती टिकत नाही. मिक्सरचं भाडं दिवसावर, मजुरी फुटावर, ठेकेदाराच्या एका वेळी चार साइटी, आणि या सगळ्याची घाई शेवटी त्या एका खांबात जाऊन बसते.

अभियंता येतो. पस्तिशीतला तरुण, पायात चिखलाचे बूट, हातात साधी हातोडी आणि छिन्नी. ठेकेदार त्याला चहा विचारतो. तो नंतर म्हणतो आणि थेट कोपऱ्यातल्या खांबाशी गुडघ्यावर बसतो. हातोडीनं ठोकत तो खालून वर जातो. वरच्या भागावर टणक आवाज येतो. कमरेच्या खाली आवाज बदलतो, बद्द होतो, आणि तिथे तो खडूनं रेघ मारतो. मग दुसऱ्या बाजूनं ठोकतो, तिसऱ्या, चौथ्या. खडूची रेघ चारी बाजूंनी फिरून परत स्वतःला मिळते.

"आरपार आहे," तो म्हणतो.

ठेकेदार मशीन लावून ताकद बघायची सूचना करतो, ते स्प्रिंगचं हातोडीसारखं यंत्र. अभियंता मान हलवतो. काँक्रीट अजून कोवळं आहे, त्यावर ते यंत्र चालवून काही कळणार नाही, आणि पोकळी डोळ्यांना दिसत असताना आकडा कशाला हवा, असं त्याचं म्हणणं. तो छिन्नी लावतो. दोन-तीन घावांत मूठभर खडी खाली येते आणि उभ्या सळ्यांभोवतीची आतली रिंग दिसते. रिंगेवर सिमेंटचा लेपसुद्धा नाही, लोखंड तसंच काळं आहे.

मग तो वहिनीला समजावतो आणि मी शेजारी उभी राहून ऐकते. नवाईचं त्यात काही नाही, पण आपलं घर बांधणाऱ्या प्रत्येकानं हे आधी ऐकलेलं असावं असं मला वाटतं. काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून मोकळं टाकायचं नाही, हे आयएस ४५६ या मानकात लिहिलेलं आहे. इथे ते नऊ-दहा फुटांवरून, वरच्या तोंडातून सोडलं गेलं. पडताना ते रिंगांवर आपटतं, खडी सरळ खाली जाते आणि सिमेंटचा गाळ लोखंडाला व प्लेटांना लागून मागे राहतो. तळाला पोचते ती कोरडी खडी. त्यात प्लेटांच्या बुडाशी फट असेल तर होता तो गाळही तिथून वाहून जातो. वर व्हायब्रेटर नसला की पोकळ्या भरायला काही उरतच नाही. उपाय अवघड नाही. खांब दोन टप्प्यांत ओतायचा, किंवा प्लेटेला मध्यावर खिडकी ठेवून अर्धा माल तिथून घालायचा. बुडाशी आधी पातळ थर सिमेंट-वाळूचा द्यायचा, फटी नीट बुजवायच्या, आणि प्रत्येक थरात नीडल बुडवायची.

"आणि पाणी," वहिनी म्हणते. "पाइप सरळ मिक्सरात सोडलेला होता."

"एम-२० काँक्रीटला ५० किलोच्या पोत्यामागे ३० लिटर. त्याच्यावर नाही," अभियंता सांगतो. "वाळू ओली असेल तर त्याहून कमी."

पाणी जास्त घातलं की माल पातळ होतो, घमेल्यातून झटकन पडतो, मजुराचे हात कमी दुखतात, म्हणून पाइप सोडलेलाच असतो. हे जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि आपल्या जागी बारीक छिद्रं ठेवून जातं. त्यांतून ओल शिरते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा फोडून बाहेर येते. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

"मग काय करायचं?" ठेकेदार विचारतो. आता त्याचा आवाज खाली आला आहे.

"ते दोन खांब मी दुरुस्त करून घेईन. सैल भाग पक्कं काँक्रीट लागेपर्यंत छिन्नीनं काढायचा, धुवायचा, आणि न आकसणारं ग्राउट भरायचं. साधं सिमेंट-वाळू चालणार नाही, ते आकसून सुटतं." तो उठून हात झटकतो. "हा तोडायचा."

कुणीच काही बोलत नाही. मला आबांच्या खुर्चीचा आवाज ऐकू येतो, ते उठून इकडे येतायत.

"आख्खा?" ठेकेदार म्हणतो.

"आख्खा. वर अजून काही भार नाही, म्हणून आज तो तोडता येतो. स्लॅब पडल्यावर हेच निघालं असतं तर टेकू लावून, जीव मुठीत धरून दुरुस्ती करावी लागली असती. आणि आज काँक्रीट कोवळं आहे, छिन्नीनं निघेल. आठवड्यानं ब्रेकर लावावा लागेल आणि सळ्यांना हादरे बसतील."

ठेकेदार मग सगळं बोलतो. सिमेंटचा खर्च, प्लेटांचं भाडं, मजुरांचे दिवस, दुसऱ्या साइटवर दिलेली तारीख. त्यातलं काही खरंही आहे. मग तो सांगतो की त्यानं तीस घरं बांधली, एकाचाही खांब कुणी तोडायला लावला नाही. माझ्या मनात येतं, त्या तीस घरांतल्या किती खांबांना कुणी गिलाव्याआधी बघितलं असेल? मी ते बोलून दाखवत नाही. इथे बोलायचा अधिकार वहिनीचा आहे.

शेवटी तो म्हणतो, "न्हाई पटलं तर कोर्टात जा मग."

हा रस्ताही आहे, आणि लोकांना तो अर्धामुर्धाच ठाऊक असतो. बिल्डरकडून फ्लॅट घेतला तर २०१६ च्या रेरा कायद्यानं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरनं विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो, कळवल्यापासून ३० दिवसांत. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधणाऱ्याला ते कवच नाही. त्याच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे. घरबांधणी ही त्या कायद्यानं सेवा मानली आहे, आणि सेवेत उणीव राहिली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तेव्हा करार, फोटो, रजिस्टर, अभियंत्याचा अहवाल हेच कामाला येतात. पण निकाल लागेपर्यंत खांब गिलाव्याखाली गेलेला असतो, त्यावर स्लॅब असतो, स्लॅबखाली लेकरं झोपलेली असतात. म्हणून मला आयोगापेक्षा आजची सकाळ जास्त महत्त्वाची वाटते.

वहिनीही कोर्टाला उत्तर देत नाही. ती म्हणते, "दादा, तुमचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. पण हा खांब मी ठेवणार नाही. आणि हा खांब असताना पुढचा हप्ता सुटणार नाही."

आबा आता खांबापाशी पोचले आहेत. ते काठी बगलेत धरतात आणि त्या खडबडीत भागावरून हात फिरवतात.

"सदुसष्टला मी बारा वर्षांचा होतो," ते ठेकेदाराला सांगतात. "पहाटेचं चार वाजून गेलेलं. दगडमातीची भिंत आमची. कोपरा आधी गेला."

एवढंच. ११ डिसेंबर १९६७ ची ती भूकंपाची पहाट या खोऱ्यात कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि अजूनही कोयना धरणाच्या परिसरात जमीन अधूनमधून हलतेच. लहान धक्का असला की भांडी वाजतात आणि लोक पुन्हा झोपतात. आबा झोपत नाहीत. ते उठून अंगणात जातात आणि उजाडेपर्यंत आत येत नाहीत. मी लहानपणापासून हे बघत आले आहे. भाऊ आरसीसी घर बांधतोय ते यासाठीच, नाहीतर त्याला जुनं घर चालत होतं. पण आरसीसी म्हटलं की घर आपोआप भक्कम होत नाही, हे त्या कोपऱ्यातल्या खांबानं आज आम्हाला दाखवलं आहे.

ठेकेदार आबांचा हात खाली येईपर्यंत थांबतो. त्याचं गावही याच तालुक्यातलं आहे.

"तोडा," तो मिस्त्रीला म्हणतो.

दोन पोरं छिन्नी-हातोडे घेऊन पुढे होतात. अभियंता त्यांना सांगतो की घाव सळईवर बसता कामा नये, वरून सुरुवात करायची, आणि एकही सळई वाकवायची नाही. पहिला घाव बसतो तेव्हा वहिनी तोंड फिरवते. तिचे डोळे भरले आहेत. या खांबाचं लोखंड उभं केलं तेव्हा तिनं त्याला हळद-कुंकू लावलं होतं, कारण हा ईशान्येचा कोपरा आहे, इथे देवघर यायचं आहे.

तोडकाम चालू असताना अभियंता पत्र्याच्या शेडकडे जातो. तिथे बीमसाठी वाकवलेल्या रिंगांचा ढीग पडला आहे. तो एक उचलतो आणि वहिनीच्या हातात देतो. तिची दोन्ही टोकं काटकोनात वळवून सोडलेली आहेत.

"अशी रिंग भूकंपात उघडते," तो सांगतो. "बाहेरचं काँक्रीट उडालं की टोकं सुटतात, आणि मग उभ्या सळ्यांना धरून ठेवायला कुणी उरत नाही. टोक १३५ अंशांत आत वळलं पाहिजे आणि आतल्या काँक्रीटमध्ये निदान ६५ मिलिमीटर गेलं पाहिजे."

भूकंपरोधक बांधणीच्या आयएस १३९२० मध्ये हे लिहिलेलं आहे. पण लोखंड बांधणारा कारागीर तिथेच बसलेला आहे आणि त्याचीही एक बाजू आहे, ती मला ऐकावीशी वाटते. तो म्हणतो, काटकोनाची रिंग पटापट वाकते आणि सळ्यांत झटकन बसते. १३५ ची आत घालायला त्रास होतो, दिवसाला निम्मं काम होतं. त्याला मजुरी किलोवर आहे. रिंग कशी वाकवली याचा त्याच्या पैशांशी संबंधच नाही, किती किलो बांधलं याचाच आहे.

"खांबाच्या रिंगा कशा होत्या?" मी विचारते.

"त्या साहेब येऊन बघून गेलते. त्या आत वळवल्यात," तो म्हणतो. "बीमचं कुनी सांगितलं न्हाई."

वहिनी ठेकेदाराकडे वळते. घासाघीस होते, आवाज चढतात, उतरतात. शेवटी ठरतं ते असं: रिंगांचं वाकवणं वेगळं धरून कारागिराला किलोमागे थोडे पैसे वाढवून द्यायचे, निम्मे ठेकेदाराचे, निम्मे वहिनीचे. तिनं ते द्यायला नको होते, असं कुणी म्हणेल. करारात चांगलं काम आधीच आलेलं होतं. मला तिचं पटतं. ज्या हातांनी काम व्हायचं आहे त्या हातांना घाईची मजुरी देऊन निगुतीचं काम मागणं रास्त नाही. कारागीर ढिगातली एक रिंग उचलतो, पाट्यावरच्या खुंट्यांत अडकवतो, टोक आणखी आत ओढतो आणि वर धरून दाखवतो. अभियंता मान डोलावतो. ज्यांची टोकं आखूड आहेत त्या बाजूला टाकायच्या, बाकीच्या अशा वळवायच्या.

दुपार चढते. चांगल्या नऊ खांबांवर ऊन पडलं आहे आणि त्यांचा रंग पांढुरका झाला आहे. वहिनी ते बघते आणि गोणपाटं मागते. पाणी मारणं हे आपल्याकडच्या बांधकामातलं सगळ्यात उपेक्षित काम. ते कुणाच्याच ठेक्यात नीट बसत नाही, मालकानं करावं असं ठेकेदाराला वाटतं आणि ठेकेदारानं करावं असं मालकाला. फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला निदान दहा दिवस ओल हवी, चौदा मिळाली तर उत्तम. आडव्या स्लॅबवर वाफे करून पाणी साठवता येतं, उभ्या खांबावरून ते वाहून जातं. म्हणून गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधायचं आणि ते सतत ओलं ठेवायचं. सकाळी घमेलं धरून उभी असलेली बाई हे काम अंगावर घेते. ती एकेका खांबाला गोणपाट गुंडाळते, गाठ मारते, वरून झारीनं पाणी सोडते. बोअरला पाणी कमी आहे, वहिनी टँकरवाल्याला फोन लावते.

मी त्या बाईला विचारते की सकाळचा तो माल आधीच कालवून का ठेवला होता. ती जरा घुटमळते. मग म्हणते, "दरवेळी लागतुयाच की, ताई." तिच्या बोलण्यात लबाडी अजिबात नाही. ती जिथे जिथे कामाला गेली तिथे प्लेटा निघतानाचा तो नेमच होता.

तीनच्या सुमाराला खांब जवळजवळ उतरला आहे. वरचा भाग काढायला वेळ लागला, तो चांगला होता. खालचा आपोआप ढासळतो. एक पोरगा बुडाशी हात घालतो आणि काहीतरी ओढून काढतो. सिमेंटच्या पोत्याचा चुरगाळलेला कागद. प्लेटांच्या बुडाची फट बुजवायला कोंबलेला, आणि ओतताना आत सरकून गेलेला. त्याच्याबरोबर लाकडाची एक चिपाटी निघते आणि थोडा भुसा. हे सगळं खांबाच्या पायाशी, सगळ्यात जास्त भार जिथे येतो तिथे, काँक्रीटच्या जागी बसलेलं होतं.

ठेकेदार तो कागद हातात घेतो. बराच वेळ उलटसुलट करून बघतो. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्याजवळ बोलायला काही नाही. मग तो सेंट्रिंगच्या पोरांच्या मुकादमाला बोलावतो आणि हिंदीत, न ओरडता, सांगतो की यापुढे बुडाची फट बाहेरून सिमेंटच्या मालानं लिंपायची, आत कागद, भुसा, चिंध्या काहीही जाता कामा नये, आणि माल ओतण्याआधी प्रत्येक खांबाच्या बुडात बॅटरी मारून तो स्वतः बघेल. मुकादम हो म्हणतो. अभियंता हे वहिनीच्या रजिस्टरात लिहायला सांगतो. ठेकेदार ते ऐकतो आणि हरकत घेत नाही.

मोकळ्या झालेल्या सहा सळ्या आता उभ्या आहेत. अभियंता त्या तारेच्या ब्रशनं घासून घ्यायला लावतो, ओळंब्यात आहेत का बघतो, एक किंचित झुकलेली आहे ती पाइप घालून सावकाश सरळ करून घेतो. बुडाचं जुनं काँक्रीट टोचे मारून खडबडीत करतात, धुतात. सळ्यांवर काँक्रीटचं कव्हर राहावं म्हणून आधी फरशीचे तुकडे अडकवलेले होते असं आता दिसतं. ते काढले जातात. त्याच्याजवळच्या पिशवीत सिमेंटचे ४० मिलिमीटरचे ठोकळे आहेत, तारेसकट. तो ते मिस्त्रीच्या हातात देतो आणि कुठे बांधायचे ते बोट ठेवून दाखवतो.

हजेरीची वेळ होते. वहिनी मध्ये पडते आणि ठेकेदाराला विचारते की आजचा दिवस बिगाऱ्यांना पुरा मिळणार ना. तोडकामाचा दिवस ठेकेदारानं मजुरांच्या अंगावर टाकायचा, ही रीत तिला ठाऊक आहे. ठेकेदार म्हणतो की हो, पुरा देतो. ती म्हणते, माझ्यासमोर द्या. तो पैसे मोजतो. बाया ओट्यात नोटा बांधतात आणि घागर घेऊन नळाकडे हात-पाय धुवायला जातात.

भावाचा फोन येतो. रेंज तुटक आहे, चेहरा थांबून थांबून दिसतो. वहिनी मोबाइल त्या उघड्या सळ्यांकडे धरते आणि सांगते की एक खांब पाडला. तिकडून काही क्षण आवाज नाही. मग तो विचारतो, "का?" ती सांगते. तो म्हणतो, "बरं केलंस." पुढे तो काहीतरी बोलतो ते तुटतं. तो परत फोन करील म्हणून ती थांबते, पण फोन येत नाही.

मिस्त्री थापी, रंधा, ओळंबा पोत्यात भरतो आणि वहिनीसमोर येऊन उभा राहतो.

"नवा खांब कवा वतायचा, वैनी? उद्याच्याला सकाळी?"

"ठोकळे बांधून झाल्यावर इंजिनियर साहेबांना फोटो पाठवायचा. त्यांनी हो म्हटलं की. दिवसाउजेडी, आणि व्हायब्रेटर आधी चालू करून दाखवायचा."

"पेट्रोल मी सोता आनतो," मिस्त्री म्हणतो. "आन् प्लेटंला मधी खिडकी ठेवतो."

वहिनी रजिस्टर पुढे करते. ठेकेदार खिशातून पेन काढतो, आजच्या पानावर लिहिलेलं सगळं ओळीवर बोट ठेवत वाचतो, एका जागी थांबून विचारतो की कागद कुठल्या बाजूला सापडला ते लिहिलंय का. लिहिलेलं नसतं. तो स्वतःच्या अक्षरात ते लिहितो, आणि खाली सही करतो.